ड्रेस्डेनचा 13 फेब्रुवारी : बाँबहल्ल्याची आठवण, मृतांची मोजणी आणि एका शहराचे निर्णय

हे प्रकरण जर्मनीतील ड्रेस्डेन शहराचे आहे. 1945 च्या फेब्रुवारीत झालेल्या हवाई हल्ल्यांची आठवण पुढच्या पिढ्यांच्या हाती सोपवताना या शहरापुढे कोणते पेच उभे राहिले आणि त्यांतून त्याने कशी वाट काढली, याची ही मांडणी आहे. शहराचे आणि सार्वजनिक पदांवरील व्यक्तींचे उल्लेख नावानिशी केले आहेत. हल्ल्यातून वाचलेल्या सामान्य नागरिकांची, तसेच स्मरणाच्या वादात उतरलेल्या खाजगी व्यक्तींची नावे दिलेली नाहीत. सर्वाधिक विस्ताराने लिहिले आहे ते 2004 ते 2010 या काळाबद्दल, कारण मृतांची संख्या नेमकी किती, हा साठ वर्षे लोंबकळत राहिलेला प्रश्न शहराने याच काळात अधिकृतपणे तपासायला घेतला.

पार्श्वभूमी

13 फेब्रुवारी 1945 च्या रात्री ब्रिटिश हवाई दलाच्या साडेसातशेहून अधिक लँकेस्टर विमानांनी दोन लाटांत ड्रेस्डेनवर बाँबफेक केली. पहिला हल्ला रात्री सव्वादहाच्या सुमारास झाला. दुसरा मध्यरात्र उलटल्यावर दीडच्या सुमारास झाला, तेव्हा पहिल्या हल्ल्याच्या आगी विझवायला माणसे रस्त्यावर उतरलेली होती. त्यानंतर 14 आणि 15 तारखेला दिवसा अमेरिकी विमाने आली. स्फोटक आणि आग लावणाऱ्या बाँबच्या एकत्रित माऱ्याने जुन्या शहरात आगीचे वादळ उठले. अनेकांना ज्वाळांनी नव्हे, तर तळघरांत साचलेल्या विषारी वायूने आणि प्राणवायूच्या अभावाने मरण आले. 1743 मध्ये पूर्ण झालेले फ्राउएनकिर्शे हे चर्च त्या रात्री उभे राहिले, पण आतून भाजून निघालेले त्याचे दगडी खांब घुमटाचा भार पेलू शकले नाहीत आणि 15 फेब्रुवारीच्या सकाळी ते कोसळले.

मृतदेह इतके होते की दफनभूमीपर्यंत ते वेळेत नेणे अशक्य झाले. साथीच्या भीतीने प्रशासनाने आल्टमार्क्ट हा मध्यवर्ती चौक बंद केला, लोखंडी तुळयांच्या जाळ्या रचल्या आणि त्यांवर मृतदेह जाळले. या चौकात 6,865 देहांचे दहन झाले आणि त्यांची राख शहराबाहेरच्या हाइडेफ्रीडहोफ या दफनभूमीत पुरण्यात आली. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. सर्वनाशाच्या त्या दिवसांतही कोणीतरी मृतांची मोजदाद करत होते आणि नोंदी ठेवत होते. साठ वर्षांनी शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगाच्या कामी आल्या त्या याच नोंदी.

त्याच रात्रीची दुसरी बाजूही इथेच सांगितली पाहिजे. हल्ल्याच्या वेळी ड्रेस्डेनमध्ये दोनशेहून कमी ज्यू उरले होते. 13 फेब्रुवारीच्या दिवशी त्यांपैकी अनेकांना हद्दपारीच्या नोटिसा वाटण्यात आल्या होत्या आणि त्या वाटण्याचे काम भाषाशास्त्रज्ञ व्हिक्टर क्लेम्परर या ज्यू प्राध्यापकांवरही सोपवले होते. रात्री बाँब पडले, सगळी यंत्रणा विस्कळीत झाली, ज्यूंना सक्तीने लावावा लागणारा पिवळा तारा क्लेम्परर यांच्या अंगरख्यावरून काढून टाकण्यात आला आणि ते पत्नीसह शहरातून निसटले. हजारोंचा जीव घेणाऱ्या रात्रीने या मूठभर माणसांचा जीव वाचवला. ड्रेस्डेनची आठवण सांगताना यांतली एकच बाजू सांगितली, तर ती अपुरी राहते असे नाही, ती खोटी ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे.

समस्या

युद्धानंतर शहरात दुःखाची कमतरता नव्हती. मात्र त्या दुःखाचा अर्थ लावणारे सतत बदलत राहिले आणि प्रत्येकाने मृतांचा आकडा आपल्या सोयीने वापरला.

सुरुवात नाझी प्रचारयंत्रणेने केली. मार्च 1945 मधील पोलिसांच्या अंतर्गत अहवालांत तोवर हाती लागलेले मृतदेह 18,375 आणि नंतर 20,204 इतके नोंदवलेले होते आणि एकूण संख्या 25,000 पर्यंत जाईल असा अंदाज होता. जगाला सांगताना मात्र दोन लाखांचा आकडा पुढे करण्यात आला. मूळ आकड्यापुढे एक शून्य चिकटवलेली कागदपत्रे नंतर अनेक दशके फिरत राहिली. 1963 मध्ये एका ब्रिटिश लेखकाने 1,35,000 हा आकडा लोकप्रिय केला. मूळ पोलीस अहवाल उजेडात आल्यावर 1966 मध्ये त्याने वृत्तपत्राला पत्र लिहून चुकीची कबुली दिली, पण तोवर फुगवलेला आकडा लोकांच्या तोंडी बसला होता.

युद्धानंतर ड्रेस्डेन ज्या साम्यवादी पूर्व जर्मनीत आले, तिच्या सरकारने 35,000 हा आकडा मान्य केला, परंतु हल्ल्याचे वर्णन ‘अँग्लो-अमेरिकन दहशती बाँबफेक’ असे केले आणि शीतयुद्धाच्या राजकारणात 13 फेब्रुवारीला जागा दिली. हाइडेफ्रीडहोफमध्ये उभारलेल्या वर्तुळाकार स्मारकात चौदा स्तंभ आहेत. सात स्तंभांवर छळछावण्यांची नावे आहेत आणि सात स्तंभांवर उद्ध्वस्त झालेल्या ठिकाणांची, त्यांत इंग्लंडमधील कॉव्हेंट्री, रॉटरडॅम आणि वॉर्सा यांच्यासोबत ड्रेस्डेन. ऑशविट्झ आणि ड्रेस्डेन एकाच वर्तुळात समोरासमोर उभे करणाऱ्या या रचनेवर पुढे रास्त टीका झाली.

याच राजवटीत शहराच्या तरुणांनी स्मरणाचा आपला मार्गही शोधला. 13 फेब्रुवारी 1982 रोजी, परवानगीविना वाटलेल्या एका पत्रकाच्या आवाहनावरून हजारो तरुण क्रॉइत्सकिर्शे या चर्चमध्ये जमले आणि नंतर मेणबत्त्या घेऊन फ्राउएनकिर्शेच्या ढिगाऱ्यापाशी गेले. त्यांना बाँबफेकीपेक्षा शस्त्रस्पर्धेबद्दल बोलायचे होते. युद्ध न पाहिलेल्या पिढीने त्या ढिगाऱ्याला दिलेला हा पहिला स्वतंत्र अर्थ होता.

1990 मध्ये जर्मनी एक झाली आणि उघडपणे बोलण्यावरची बंदी उठल्यावर सगळेच अर्थ एकदम रस्त्यावर आले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून नवनाझी संघटना दर फेब्रुवारीत ‘शोकमोर्चा’ काढू लागल्या. जानेवारी 2005 मध्ये, ड्रेस्डेन ज्या राज्याची राजधानी आहे त्या सॅक्सनीच्या विधानसभेत एनपीडी या अतिउजव्या पक्षाच्या आमदारांनी हल्ल्याला ‘बाँब-होलोकॉस्ट’ म्हटले आणि त्याच वर्षीच्या मोर्चात हजारोंचा जमाव होता. मोर्चेकरी लाखांचे आकडे घोषणांत घेत होते. शहराच्या अधिकृत पुष्पचक्र समारंभातही ते येऊन उभे राहत आणि महापौरांच्या पुष्पचक्राशेजारी त्यांचीही पुष्पचक्रे दिसत.

पेच असा होता : प्रत्यक्षदर्शी थकत चालले होते, नव्या पिढीला मिळत होती ती अर्धी ऐकीव माहिती, आणि रिकाम्या राहिलेल्या जागेत सर्वांत मोठ्याने बोलणारे शिरत होते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय जुन्या वळणाचाच होता : मौन, घंटानाद, मेणबत्त्या आणि राजकारणाला मज्जाव. आजही 13 फेब्रुवारीला रात्री पावणेदहाला, म्हणजे त्या रात्री भोंगे वाजले त्या सुमारास, शहरातील चर्चच्या घंटा वाजतात. आप्त गमावलेल्या अनेक वृद्धांना एवढेच हवे होते आणि त्यांच्या या इच्छेचा अनादर करण्याचे कारण नाही. परंतु ज्या मौनात कोणीही आपले वाक्य घुसवू शकतो, त्या मौनाच्या आधारे पुढची पिढी घडवता येत नाही. हा पर्याय शहराने टाकून दिला नाही, पण तो पुरेसा मानला नाही, आणि ते योग्यच केले.

दुसरा पर्याय बंदीचा. जर्मन राज्यघटनेत सभास्वातंत्र्याचे संरक्षण भक्कम आहे, त्यामुळे सरसकट बंदी न्यायालयात टिकणे कठीण होते. सॅक्सनीने जानेवारी 2010 मध्ये कायदा बदलून ऐतिहासिक महत्त्वाच्या ठिकाणी सभांवर निर्बंध आणले. एप्रिल 2011 मध्ये राज्याच्या घटना न्यायालयाने तो कायदा प्रक्रियेतील त्रुटींमुळे रद्द ठरवला.

तिसरा पर्याय मोर्चाचा रस्ता अडवण्याचा. डाव्या संघटना, कामगार संघटना आणि काही लोकप्रतिनिधी यांनी त्याचा आग्रह धरला. शहर प्रशासन आणि मध्यममार्गी पक्ष मात्र कचरले, कारण परवानगी मिळालेली सभा अडवणे हे स्वतःच कायद्याचे उल्लंघन ठरू शकत होते.

चौथा पर्याय संथ आणि खर्चिक होता, शिवाय त्यात कोणत्याही गटाला टाळ्या मिळणार नव्हत्या. तो म्हणजे मृतांची संख्या शास्त्रीय पद्धतीने तपासणे. त्याला आक्षेप दोन्ही बाजूंनी आले. आकडा वाढवून सांगणाऱ्यांनी तो आधीच ठरलेला डाव असल्याचे म्हटले. शोक करणाऱ्यांपैकी काहींना वाटले की मृतांचा हिशेब मांडणे म्हणजे त्यांचे दुःख लहान करणे. दुसऱ्या आक्षेपात माणुसकी आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. लाखांचा धूसर आकडा कोणाही एका व्यक्तीची आठवण ठेवत नाही. नावानिशी झालेली मोजणी प्रत्येकाला त्याची जागा परत देते.

प्रत्यक्ष कृती

2004 च्या अखेरीस महापौर इंगोल्फ रोसबेर्ग यांनी इतिहासकारांचा आयोग नेमला. अध्यक्षपद लष्करी इतिहासाचे अभ्यासक रॉल्फ-डीटर म्युलर यांच्याकडे होते. आयोगाचे काम कसे चालले, हे थोडे तपशिलाने सांगणे गरजेचे आहे, कारण त्याचे वजन पद्धतीत आहे.

दफनभूमींच्या नोंदवह्या, जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयांतील दाखले आणि बेपत्ता व्यक्तींना मृत घोषित करणारे न्यायालयीन निर्णय एकमेकांशी ताडून पाहण्यात आले. एकाच व्यक्तीची नोंद दोन ठिकाणी असेल, तर ती एकदाच धरली गेली. ‘शहरात नोंद नसलेले लाखो निर्वासित होते’ हा युक्तिवाद नेहमी केला जाई. म्हणून पूर्वेकडील सायलेशिया प्रांतातून आलेल्या निर्वासितांची वाहतूक कशी होत होती आणि ते शहरात किती काळ थांबत, याचा स्वतंत्र शोध घेतला गेला.

‘प्रेते आगीत वितळून नाहीशी झाली, म्हणून मोजलीच गेली नाहीत’ हा दुसरा नेहमीचा दावा. त्याचे उत्तर पुरातत्त्वज्ञांनी दिले. 1990 नंतर जुन्या शहरात नव्या बांधकामांसाठी मोठ्या प्रमाणावर उत्खनन झाले होते आणि राखेने भरलेली तळघरे उघडी पडली होती. तिथल्या विटा आणि दगड किती तापले होते, याच्या खुणा तपासल्यावर निष्कर्ष निघाला की माणसाचा देह मागमूस न ठेवता नाहीसा व्हावा इतकी उष्णता हजारोंच्या संख्येने अशा घटना घडण्याएवढी सर्वदूर नव्हती.

सर्वांत नाजूक मुद्दा कमी उंचीवरून उडणाऱ्या विमानांचा होता. एल्ब नदीकाठच्या कुरणात आसरा घेतलेल्या लोकांवर विमानांतून गोळीबार झाला, असे अनेक प्रत्यक्षदर्शी ठामपणे सांगत. आयोगाने दोन्ही बाजूंची लष्करी कागदपत्रे पाहिली आणि न फुटलेला दारूगोळा शोधणाऱ्या पथकाकडून नदीकाठची जमीन तपासून घेतली. असा गोळीबार झाल्याचा पुरावा सापडला नाही.

2008 मध्ये अंतरिम निष्कर्ष आणि मार्च 2010 मध्ये अंतिम अहवाल आला : मृतांची संख्या जास्तीत जास्त 25,000. मार्च 1945 मधील पोलिसांच्या अंदाजाच्या अगदी जवळ हा आकडा आला, हे विशेष नोंदवण्यासारखे आहे.

हा शोध सुरू असताना शहरातले दगडही बोलू लागले होते. फ्राउएनकिर्शेची पुनर्बांधणी करावी, असे आवाहन तुतारीवादक लुडविग ग्युटलर यांच्यासह काही नागरिकांनी 1990 च्या फेब्रुवारीत केले होते. त्याला विरोध कमी नव्हता. अवशेष तसेच ठेवावेत, ढिगारा हेच स्मारक, असे अनेकांचे म्हणणे होते. कॉव्हेंट्रीने जुन्या कॅथेड्रलच्या भिंती उघड्या ठेवून शेजारी नवे कॅथेड्रल बांधले, हे उदाहरण समोर होते. अखेर चर्च पुन्हा बांधले गेले आणि 30 ऑक्टोबर 2005 रोजी ते खुले झाले. ढिगाऱ्यातून वेचलेले काळपट जुने दगड नव्या फिकट दगडांमध्ये बसवले आहेत, त्यामुळे भिंत जवळून पाहिली की कुठे काय उद्ध्वस्त झाले होते हे आजही वाचता येते. घुमटावरचा सोनेरी क्रॉस ब्रिटनमधील देणग्यांतून आला आणि तो घडवणाऱ्या लंडनच्या सोनाराचे वडील 1945 च्या हल्ल्यात सहभागी झालेले वैमानिक होते. मुलाने वडिलांच्या पिढीचा प्रश्न आपल्या हातांनी उचलला, याहून बोलका दुवा या प्रकरणात मला दिसत नाही.

13 फेब्रुवारी 2010 रोजी महापौर हेल्मा ओरोझ यांच्या आवाहनावरून दहा हजारांहून अधिक नागरिकांनी जुन्या शहराभोवती मानवी साखळी धरली. त्याच दिवशी नदीपलीकडे हजारो निदर्शकांनी रस्ते अडवले आणि नवनाझींचा मोर्चा निघूच शकला नाही. साखळी शहराने केली, अडवणूक आंदोलकांनी केली. दोन्ही बाजूंनी एकमेकांबद्दल नाराजी व्यक्त केली. माझ्या दृष्टीने त्या दिवशी मोर्चा थांबला तो अडवणुकीमुळे, आणि शहराला आपला चेहरा मिळाला तो साखळीमुळे. एकाचे श्रेय दुसऱ्याला देण्यात अर्थ नाही.

परिणाम

2010 नंतर फेब्रुवारीतील मोर्चांचा आकार काही वर्षांत झपाट्याने घटला. ते पूर्णपणे थांबलेले नाहीत. पण युरोपभरातून लोक जमवणारा वार्षिक मेळावा म्हणून ड्रेस्डेनला जे स्थान मिळत चालले होते, ते गेले. फेब्रुवारी 2011 मधील निदर्शनांच्या वेळी पोलिसांनी परिसरातील मोबाइल फोनची माहिती सरसकट गोळा केली आणि त्यावरून स्वतंत्र वाद उसळला. अतिउजव्यांना रोखण्याच्या घाईत सामान्य नागरिकांच्या हक्कांना धक्का लागला, ही या काळाची काळी नोंद आहे.

स्मरणाचा आशय बदलला. आल्टमार्क्टमध्ये दहनाच्या जागी लिहिलेला मजकूर 6,865 हा आकडा देतो आणि पुढे म्हणतो की जर्मनीतून जगभर नेलेली युद्धाची भयानकता तेव्हा आपल्याही शहरात परतली. एवढ्या एका वाक्यात कारण आणि परिणाम दोन्ही आले आहेत. नाझी राजवटीतील गुन्हेगारांच्या कचेऱ्या आणि छळाच्या जागा दाखवणाऱ्या पदयात्रा फेब्रुवारीत निघू लागल्या, त्यामुळे हल्ल्याआधीची बारा वर्षेही कार्यक्रमात आली. 1938 मध्ये जाळलेल्या सिनेगॉगच्या (ज्यू प्रार्थनास्थळाच्या) जागी 9 नोव्हेंबर 2001 रोजी खुले झालेले नवे सिनेगॉग मानवी साखळीच्या मार्गावर आले.

वाद मात्र संपले नाहीत. 2017 च्या फेब्रुवारीत मूळ सीरियाशी नाते असलेले कलावंत मनाफ हलबौनी यांनी फ्राउएनकिर्शेसमोर तीन बस एका टोकावर उभ्या करून ठेवल्या. सीरियातील अलेप्पो शहरात गोळीबारापासून बचावासाठी रस्त्यात उभ्या केलेल्या बसचे ते रूप होते. उद्घाटनाला घोषणाबाजी झाली. आमच्या दुःखाची ही विटंबना आहे, असे काहींना वाटले. पण दुसऱ्या एका शहरावर पडणारे बाँब त्याच वेळी पडत होते आणि तिथले लोक ड्रेस्डेनमध्ये आसऱ्याला आले होते. 1982 च्या तरुणांनी जे केले तेच इथे पुन्हा घडले : पुढच्या पिढीने जुन्या जागेला आपल्या काळाचा प्रश्न विचारला.

निर्णयाच्या जागा आणि वेगळे काय करता आले असते

पहिली जागा वेळेची. मार्च 1945 चे पोलीस अहवाल 1966 पर्यंत अभ्यासकांच्या हाती आले होते. तेव्हाच स्वतंत्र तपास झाला असता, तर साक्षीदार तरुण होते, नोंदी ठेवणारे कर्मचारी हयात होते आणि फुगवलेल्या आकड्याला मुळे धरायला चाळीस वर्षे मिळाली नसती. पूर्व जर्मनीच्या राजवटीत असा स्वतंत्र आयोग शक्य नव्हता, हे खरे. पण 1990 नंतरची चौदा वर्षे हातची गेली, त्याला ते कारण लागू पडत नाही. शहराने चर्च उभारायला तातडीने पैसा गोळा केला आणि मोजणीला मात्र मोर्चे डोक्यावर बसेपर्यंत वाट पाहिली.

दुसरी जागा प्रत्यक्षदर्शींची. विमानांतून गोळीबार झाल्याचा पुरावा नाही, हा निष्कर्ष जाहीर झाल्यावर अनेक वृद्धांना आपण खोटे ठरलो असे वाटले. इतिहासाच्या दृष्टीने निष्कर्ष टाळता येण्यासारखा नव्हता. परंतु अहवाल छापला जाण्याआधी साक्षीदारांसोबत बसून, स्फोट, ठिणग्या आणि घबराट यांत माणसाला काय काय अनुभवास येते, आठवण वर्षानुवर्षे सांगताना तिच्यात इतरांच्या आठवणी कशा मिसळतात, हे सावकाश समजावून सांगायला हवे होते. साक्षीत नोंदलेली भीती खरी असते आणि साक्षीतला तपशील तपासावा लागतो. ही दोन विधाने एकत्र कशी नांदू शकतात, हे शिकवण्याची ती संधी होती.

तिसरी जागा समारंभाची. हाइडेफ्रीडहोफमधील पुष्पचक्र अर्पण सर्वांना खुले ठेवण्याच्या आग्रहापायी अतिउजव्यांना वर्षानुवर्षे अधिकृत शोकाच्या चौकटीत उभे राहू दिले गेले. पुढे शहराने या समारंभाचे स्वरूप बदलले. बदल लवकर झाला असता, तर आप्तांना त्यांच्या जवळच्यांच्या कबरीपाशी अनोळखी घोषणा ऐकाव्या लागल्या नसत्या.

चौथी जागा अजून उघडी आहे. मानवी साखळी पहिल्या वर्षी एका धोक्याला दिलेले उत्तर होती. दरवर्षी होऊ लागल्यावर तिचाही रिवाज बनतो, आणि युद्ध पाहिलेले कोणी शहरात उरणार नाही तेव्हा हातात हात धरून उभ्या असलेल्या मुलाला आपण इथे का उभे आहोत हे कोण सांगणार, हा प्रश्न येतोच. आयोगाने जमवलेली नावे, दफनभूमींच्या नोंदी आणि ध्वनिमुद्रित साक्षी शाळांच्या हाती नियमितपणे द्याव्यात. क्लेम्परर यांच्या डायरीतील 13 फेब्रुवारीची पाने आणि आल्टमार्क्टच्या नोंदवहीतील पाने मुलांनी शेजारी ठेवून वाचावीत. साखळीच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक वर्गाने असे एक सत्र घेतले, तर संध्याकाळी रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या मुलाला निदान एका मृताचे आणि एका वाचलेल्याचे नाव ठाऊक असेल.